मे महिन्यात भरणारं गाव

इतरत्र मे लागला की शाळेबरोबर गावंही थोडी रिकामी होतात. मुलं आजोळी जातात, घरांना कुलपं लागतात. बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात याच्या उलट होतं. इथं मे महिन्यात गाव भरतं. साखर कारखान्यांचा हंगाम संपून पट्टा पडलेला असतो आणि सांगली, कोल्हापूर, सातारा, पार बेळगाव-बागलकोटपर्यंत ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या परत आलेल्या असतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाज, पत्र्याची पेटी, कोंबड्यांचा डालगा, गुंडाळलेली ताडपत्री आणि या सगळ्याच्या वर बसलेली, उन्हानं रापलेली मुलं. दिवाळीच्या तोंडावर बंद झालेली दारं उघडतात. ओसऱ्या झाडल्या जातात. रात्री वस्तीवर पुन्हा माणसांचा आवाज येऊ लागतो.

आणि नेमकी तेव्हाच शाळा बंद होते.

मी अशाच एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. आमचं शाळेचं वर्ष कागदावर १५ जूनच्या आसपास सुरू होतं आणि १ मेला झेंडावंदन करून, निकाल वाटून संपतं. ऊसतोड मजुराच्या मुलाचं वर्ष वेगळं असतं. जूनपासून दसऱ्यापर्यंत ते वर्गात असतं. मग मुकादमाकडून, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराकडून, आगाऊ घेतलेली उचल फेडायला आई-बाप निघतात आणि त्यांच्याबरोबर तेही निघतं. उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, पाच-सहा महिने काढून ते परत येतं, तेव्हा वर्गात वार्षिक परीक्षेची गडबड चाललेली असते किंवा ती उरकलेलीही असते. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस शाळा भरली पाहिजे असं आहे. शाळा तेवढी भरतेच. या मुलांच्या वाट्याला मात्र त्यातले निम्मे दिवस आले तरी पुष्कळ.

त्यासाठी काहीच केलं जात नाही असं नाही. जाताना आम्ही मुलांना शिक्षण हमी कार्ड देतो, म्हणजे मूल जिथं जाईल तिथल्या जवळच्या शाळेत त्याला बसता यावं. काही गावांत हंगामी वसतिगृहं चालतात, मुलं आजी-आजोबांजवळ राहतात आणि जेवणाची सोय होते. पूर्वी कारखान्यांच्या आवारात साखरशाळाही भरायच्या. पण धाकटं भावंड सांभाळायला कोणी तरी लागतं, आजीचे गुडघे दुखतात, आजोबा एकटे चार नातवंडांना आवरू शकत नाहीत. काही ना काही कारणानं मुलं जातातच, आणि मुलींचं जाणं तर ठरलेलं.

म्हणून उन्हाळी सुट्टीत मुलांचं शिकणं कसं चालू ठेवायचं हा प्रश्न मला शहरातल्या पालकापेक्षा वेगळा दिसतो. तिथं वर्षभर शिकलेलं दीड महिन्यात निसटू नये एवढी काळजी असते. इथं मे आणि अर्धा जून हाच तो काळ, जेव्हा मूल गावात असतं, आई-बाप गावात असतात आणि कोणाला उद्याच कुठं जायचं नसतं. आमच्या शाळेला वर्षातून एकदाच पूर्ण गाव मिळतं, आणि ते मे महिन्यात मिळतं.

सुट्टीत मुलं विसरतात हे कुठल्याही शिक्षकाला सांगावं लागत नाही. काय आधी जातं हेही ठरलेलं असतं. जोडाक्षरं जातात, त्यातही रफार आधी. ‘सूर्य’ वाचताना मूल ‘सूर’पाशी थांबतं आणि माझ्या तोंडाकडे बघतं. हातच्याची वजाबाकी जाते. भागाकार तर जणू कधी शिकवलाच नव्हता. आणि ज्याचं बोट ओळीखालून सुटलं होतं, ते जूनमध्ये पुन्हा शब्दाखाली बोट ठेवून वाचू लागतं. करोनाच्या काळात शाळा बंद राहिल्या तेव्हा हे मोठ्या प्रमाणावर दिसलं. अझीम प्रेमजी विद्यापीठानं २०२१ च्या सुरुवातीला पाच राज्यांतल्या सरकारी शाळांमधली १६,००० हून अधिक मुलं तपासली. त्यात महाराष्ट्र नव्हता. ९२ टक्के मुलांनी आदल्या वर्षी येत असलेलं भाषेचं निदान एक कौशल्य गमावलेलं होतं, गणितात हे प्रमाण ८२ टक्के होतं.

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात कार्ल अलेक्झांडर आणि डॉरिस एंटविसल यांनी १९८२ साली पहिलीत आलेल्या मुलांचा वर्षानुवर्षं माग ठेवला होता. शाळा चालू असताना गरीब आणि सुस्थितीतली मुलं जवळपास सारख्याच वेगानं पुढं जात होती. अंतर पडत होतं ते सुट्टीत. पुढं इतर अभ्यासकांनी नव्या चाचण्या वापरून पाहिलं, तेव्हा हे अंतर तितकं मोठं दिसलं नाही आणि तो वाद चालू आहे. मला त्या वादापेक्षा त्यामागचं साधं निरीक्षण महत्त्वाचं वाटतं. शाळा चालू असते तेव्हा ती सगळ्यांना काही ना काही देते. ती थांबली की ज्याच्या घरात पुस्तक आहे, वर्तमानपत्र येतं, प्रश्नाला उत्तर देणारं माणूस रिकामं बसलेलं आहे, त्याचं चालू राहतं. बाकीच्यांचं थांबतं.

यावर आमच्याकडचा पिढीजात उपाय म्हणजे सुट्टीचा अभ्यास. दहा पानं शुद्धलेखन, २ ते ३० पाढे पाच वेळा, १ ते १०० अक्षरी. हा उपाय मला अजिबात पटत नाही आणि तो सोडून देण्याची वेळ कधीच होऊन गेली आहे. मूल तो अभ्यास १३ जूनला बसून एका दमात उतरवून काढतं. पाढ्यातला २ चा रकाना आधी उभा लिहून टाकतं, मग ३ चा. हात चालतो, डोकं कुठं तरी भलतीकडेच असतं. आणि ज्या घरात आईला वाचता येत नाही तिथं तो अभ्यास तपासणार कोण? वही तपासायची ती जूनमध्ये मीच, आणि तोवर चूक पक्की झालेली.

मुलाला लिहावंसं वाटायला ते वाचणारं कोणी तरी हवं. आमच्या गावात ते वाचणारं माणूस पारावर सापडलं.

लॉकडाऊनमध्ये ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ म्हणत आम्ही शिक्षक वस्त्यांवर फिरत होतो, ओसरीवर चार-पाच मुलं घेऊन बसत होतो. सोलापुरात नीलमनगरमध्ये तेव्हा घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवले गेले होते, त्याचे फोटो आमच्या शिक्षकांच्या गटावर आले होते. त्यावरून आम्हीही ग्रामपंचायतीकडून पाराशेजारची भिंत काळी करून घेतली होती. पुढं शाळा सुरू झाल्या, भिंत तशीच राहिली. निकालाच्या दिवशी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक होती, तिथं एका आजोबांनीच विचारलं, "बाई, त्या फळ्यावर आता काही येत न्हाई का? सकाळी वाचायला बरं वाटायचं." त्यातून बातमीफळा सुरू झाला.

रीत सोपी आहे. रोज तीन मुलं. एक मोठं, एक मधलं, एक धाकटं. सकाळी सातला गावातून फिरायचं, बातम्या गोळा करायच्या आणि आठच्या आत फळ्यावर लिहायच्या. नियम मुलांनीच केले. ऐकीव बातमी लिहायची नाही, दोन माणसांना विचारायचं. भांडणाची बातमी घ्यायची नाही. कोणाच्या घरातल्या उचलीची, उसनवारीची बातमी घ्यायची नाही. हा शेवटचा नियम चौथीतल्या एका मुलीनं सुचवला. का, असं मी विचारलं तर म्हणाली, "मग आई रडती."

पहिल्या काही दिवसांतल्या बातम्या मी वहीत उतरवून ठेवल्या आहेत. ‘काल रात्री खालच्या वस्तीवर टोळी आली. ७ कोयते. ११ पोरं.’ (कोयता म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी.) ‘आज लाईट ८ ते ४ नाही.’ ‘अंगणवाडीत पोलिओ नाही, गोवराची लस आहे, कार्ड आणावे.’ ‘आमच्या म्हशीला रेडी झाली.’ या शेवटच्या बातमीला बातमी म्हणायचं का यावर बराच वेळ चर्चा झाली. ज्याची म्हैस होती तो म्हणाला, माझं घर गावातच आहे ना? बातमी फळ्यावर राहिली आणि त्या दिवशी त्याच्याकडे खरवस मागायला निम्मं गाव जाऊन आलं.

शुद्धलेखनाची चिंता मी करायची सोडली, कारण ती गावानं घेतली. ‘पाणि’ लिहिलं की पारावरचं कोणी तरी ओरडतं, "दीर्घ रे, दीर्घ!" सातवीत शाळा सुटलेले एक काका रोज येतात आणि खडू मागून घेऊन वेलांट्या नीट करतात. मुलं आता लिहायच्या आधी त्यांना विचारून घेतात. माझ्या लाल शाईनं इतक्या वर्षांत जे झालं नव्हतं ते पारावर होऊ लागलं. आणि ज्या बायांना वाचता येत नाही त्या पाण्याला जाताना कडेवरच्या पोराला नाही, हात धरलेल्या पोरीला विचारतात, "काय लिव्हलंय गं आज?" ती पोरगी मोठ्यानं वाचते. दुसरीतली मुलगी रोज सकाळी आईला चार ओळी मोठ्यानं वाचून दाखवते, याहून चांगला सुट्टीचा अभ्यास मला सुचलेला नाही.

गणितही फळ्यावरच आलं. टँकर बारा हजार लिटरचा, टिपाड दोनशे लिटरचं. मुलांनी लिहिलं, ‘आज टँकर ११ वाजता. पाणी १२,००० लिटर. टिपाडं ६०. वस्तीवर घरं ७४.’ एवढंच. त्यापुढं एका मुलीनं भागून दाखवलं की सगळ्यांना सारखं वाटलं तर घराला १६२ लिटर येतं आणि पाच माणसांच्या घरात माणशी ३२. तो आकडा सरपंचांनी दुसऱ्या खेपेच्या मागणी अर्जात घातला.

एक प्रसंग मात्र मला सविस्तर सांगायचा आहे. सातवीतला एक मुलगा, दोन हंगाम फडात जाऊन आलेला. पुस्तकातला भागाकार त्याला येत नव्हता. तीन अंकी संख्येनं भागायचं म्हटलं की पेन्सिल खाली ठेवायचा. त्या दिवशी ओसरीवर बसून तो धाकट्या भावाला काही समजावत होता. ऊसतोडीचा दर जानेवारी २०२४ मध्ये टनाला ३६६ रुपये ठरला होता. आई-बाप मिळून दिवसाला साधारण दोन टन तोडतात, म्हणजे ७३२ रुपये. आणि उचल घेतली होती लाखाची. भाऊ विचारत होता, मग किती दिवसांनी घरी यायचं? तो बोटांनी मातीत आकडे काढत बोलत होता. दहा दिवसांचे ७,३२०. शंभर दिवसांचे ७३,२००. राहिले २६,८००. तीस दिवसांचे २१,९६०. राहिले ४,८४०. सहा दिवसांचे ४,३९२. राहिले ४४८. "म्हंजी अजून एक दिस. एकशेसदतीस." आणि मग स्वतःशीच म्हणाला, "पर त्यात खाडे धरले न्हाईत."

मी शेजारी बसले आणि तेच आकडे भागाकाराच्या मांडणीत लिहिले. १,००,००० भागिले ७३२. शंभराचा भाग कुठं गेला, तिसाचा कुठं, सहाचा कुठं, हे त्याचं त्यालाच दिसलं. बराच वेळ तो कागदाकडे बघत राहिला. "हे तर मला येतंय की," एवढंच म्हणाला. त्याला भागाकार येत होता. पुस्तकातली त्याची मांडणी तेवढी अनोळखी होती. अशा मुलांना आम्ही ‘अप्रगत’ म्हणत आलो, याचं मला फार वाईट वाटतं. फडात जाऊन आलेलं मूल वजन, मजुरी, अंतर, वेळ यांचे हिशेब घेऊन परत येतं. शाळेनं मे महिन्यात त्याच्याजवळ बसून ते मांडून घेतले तर जूनमध्ये तो वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून बसणार नाही.

आयांचा वाटा यात फार मोठा आहे. गेल्या काही वर्षांत राज्यभर ‘पहिले पाऊल’ नावाचे शाळापूर्व तयारी मेळावे होतात. पहिलीत येणाऱ्या मुलाला घेऊन आई एकेका टेबलापाशी जाते, मूल रंग ओळखतं, उड्या मारतं, चित्रावर बोलतं, मोजतं. त्यातून गावोगाव माता गट उभे राहिले. आमच्याकडे हे गट चिंचा फोडायच्या जागी बसतात. मार्च ते मे बायका दगडावर चिंचा ठेवून लाकडाच्या दांडक्यानं फोडतात, चिंचोके एका बाजूला, गर एका बाजूला, मजुरी किलोवर. पोरं भोवती असतातच. पहिल्यांदा मी आयांना चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करून द्यायला सांगितलं, तेव्हा एक मावशी हसली आणि म्हणाली, "बाई, हे आमी सांगायच्या आधीच करतो. मोजल्याबिगर मजुरी कोन देतंय?" तिथून पुढं मी सांगणं कमी केलं. त्या चिंचोक्यांवरच बेरीज घेतात, अर्धे काढ म्हणतात, पोरगं चुकलं की चिंचोका फेकून मारतात. वाळवणाच्या दिवसांत कुरडयांचा गहू किती दिवस भिजला, किती किलोला किती चीक निघाला, हे मुलं फळ्यावर लिहितात. आयांना ती बातमी फार आवडते, कारण ती त्यांच्याच कामाची असते.

पुस्तकांची गोष्ट थोडी वेगळी आहे. जवळपास प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत गोष्टींच्या पुस्तकांचं एक कपाट असतं आणि १ मेला त्याला कुलूप लागतं. पुस्तकं हरवतील, फाटतील, लेखापरीक्षणात विचारतील, ही भीती खोटी नाही. पण ज्या दीड महिन्यात मुलाकडे वाचायला वेळ आहे, त्याच दीड महिन्यात पुस्तकं अंधारात ठेवायची हे मला सहन होत नाही. फ्लोरिडात रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रँझेन यांनी गरीब घरांतल्या मुलांना लागोपाठ तीन उन्हाळे दरवेळी १२ पुस्तकं दिली होती. मुलांनी ती पुस्तकजत्रेतून आपली आपण निवडलेली होती, कोणी वर्ग घेतले नव्हते, चाचणी घेतली नव्हती. तीन वर्षांनी त्या मुलांचं वाचन इतरांपेक्षा पुढं गेलेलं दिसलं आणि हा फायदा उन्हाळी वर्गांनी होतो तितका होता. यातला ‘आपली आपण निवडलेली’ हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आम्ही निकालाच्या दिवशी व्हरांड्यात सतरंज्या टाकतो आणि कपाट रिकामं करतो. मुलं उलथीपालथी करतात, चित्रं बघतात, एकमेकांच्या हातातली ओढतात. कोणी काय न्यायचं यात मोठ्यांनी बोलायचं नाही. आठवीतला मुलगा चित्रांचं पातळ पुस्तक नेतो, नेऊ दे. त्याला तेच वाचता येत असेल, किंवा घरी धाकटी बहीण असेल. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक आता मोफत वाचायला मिळतात, त्यातल्या गोष्टी आम्ही छापून चिकटवल्या आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरही मराठीत भरपूर गोष्टी आहेत, मोबाईल असेल त्या घरात त्या चालतात. काही पुस्तकं परत येत नाहीत. आली ती कधी हळदीच्या डागांसकट येतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यांनी ठराव केला की एवढी पुस्तकं वापरात खराब झाली. लेखापरीक्षणाला तो कागद पुरतो.

सुट्टी ही सुट्टीच राहिली पाहिजे, याबद्दल माझं मत पक्कं आहे. मे मध्ये इथं पारा ४२ च्या वर जातो. दहानंतर मुलांना कुठं बसवणं चुकीचंच. सकाळचा दीड-दोन तासांचा वेळ आणि संध्याकाळी कोणाला यावंसं वाटलं तर पार. मधल्या वेळात ती विहिरीवर, चिंचेखाली, सूरपारंब्या, भोवरे, सागरगोटे यांत असतात आणि असावीत. ज्या मुलानं सहा महिने वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, मोळ्या बांधल्या, बहिणीला झोळीत झोके दिले, त्याचं खेळणं बाकी राहिलेलं आहे. ते त्याला आधी मिळालं पाहिजे.

पोटाचं मात्र सुट्टीतही सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००४ साली सांगितलं की दुष्काळग्रस्त भागात शाळेतलं दुपारचं जेवण उन्हाळी सुट्टीतही मिळालं पाहिजे. मराठवाड्यात दुष्काळ जाहीर झालेल्या वर्षांत ते मिळालंही. त्या उन्हाळ्यांत शाळेच्या आवारात चूल पेटायची, मुलं ताटली घेऊन यायची आणि खिचडी शिजेपर्यंत आपोआप काही ना काही वाचन व्हायचं. ज्या वर्षी दुष्काळ जाहीर होत नाही त्या वर्षी मुलांची भूक कुठं जाते, हे मला कळत नाही. सगळ्याच वर्षी सगळ्याच ऊसतोड गावांत हे जेवण चालू ठेवावं अशी मागणी आम्ही केली आहे.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. मे हा लग्नसराईचा महिना. टोळ्या परत आलेल्या, नातेवाईक जमलेले, हातात हंगामाचे उरलेले दोन पैसे. आणि डोक्यात पुढच्या हंगामाची चिंता. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल जोडीला मिळते. चौदा-पंधरा वर्षांची पोरगी मागं ठेवून जायची भीती वाटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या ४० टक्क्यांहून जास्त बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं दिसतं. शाळेच्या बाजूनं हे कसं दिसतं? एप्रिलमध्ये हजेरीपटावर असलेलं नाव जूनमध्ये नसतं. मधल्या काळात शाळेला काहीच माहीत नसतं, कारण शाळाच नसते.

बातमीफळ्यावर दोन वर्षांपूर्वी आठवीतली एक मुलगी मोठ्या गटात होती. अक्षर सुरेख, ‘सविस्तर वृत्त उद्या’ असं ऐटीत लिहायची. एक दिवस तिची पाळी असून ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिच्याबरोबरच्या तिसरीतल्या पोरानं मला फोन लावायला लावला आणि सांगितलं, तिच्या घरी पाव्हणे आलेत आणि ती बाहेर येत न्हाई. मी तेव्हा माझ्या माहेरी होते. अंगणवाडीताई तासाभरात त्या घरी पोचल्या, ग्रामसेवकांना बोलावून घेतलं. गावात बालविवाह रोखण्याची जबाबदारी कायद्यानं त्यांच्याकडे असते. माता गटातल्या चार-पाच बायकाही जाऊन बसल्या. कोणी ओरडलं नाही. आईच्याच वयाच्या, आईबरोबरच फडात राबलेल्या बायका, त्यांचं बोलणं त्या घरात ऐकलं गेलं. वडिलांनी लेखी दिलं. मुलगी आता तालुक्याच्या वसतिगृहात राहून शिकते.

त्याच उन्हाळ्यात दुसरी एक मुलगी, सातवीतली. तिला मावशीकडे म्हणून नेलं, लग्न तिकडेच झालं. ती फळ्याच्या कोणत्याच गटात नव्हती, कारण तिचं घर डोंगरापलीकडच्या वस्तीवर आणि तिथून रोज पारावर येणं शक्य नव्हतं. आम्हाला कळलं ते पाऊस सुरू झाल्यावर. तिची वही अजून शाळेत आहे. त्यानंतर त्या वस्तीवर वेगळा फळा केला. तो छोटा आहे, एका घराच्या पत्र्यावर टांगलेला, पण तिथंही रोज कोण आलं आणि कोण नाही हे कळतं. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक दोन्ही फळ्यांच्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगानं कायमचा लिहिला आहे. तो पुसायचा नाही, एवढं धाकट्या पोरांनाही माहीत आहे.

यामुळे मला सुट्टीतल्या शिक्षणाचा अर्थ फक्त वाचन-गणितापुरता घेता येत नाही. मूल सुट्टीतही कोणाच्या तरी रोजच्या नजरेत असायला हवं. ते आलं नाही तर कोणाला तरी चुकल्यासारखं वाटायला हवं. फळा, पुस्तकं, चिंचोके, खिचडी, या सगळ्यांनी हे एक काम होतं.

हे सगळं शिक्षकांच्या जिवावर चालणार नाही. आम्हालाही घरं आहेत, सुट्टी आहे आणि सुट्टीत येणारी सरकारी कामं आहेत. मी पूर्ण मे गावात राहू शकत नाही आणि राहावं अशी अपेक्षा कोणी ठेवूही नये. म्हणून शाळेची किल्ली कुणाकडे हा प्रश्न येतो. गेल्या दोन उन्हाळ्यांत ती गावातल्या एका मुलीकडे असते. बारावी झालेली, आई-बाप अजून तोडीला जातात, ही आजीजवळ राहून शिकली. सकाळी व्हरांडा झाडते, पुस्तकांची नोंद ठेवते, बातम्यांवरून भांडणाऱ्या पोरांना आवरते आणि रोज रात्री शाळेच्या ग्रुपवर फळ्याचा फोटो टाकते. तो फोटो कारखान्याहून अजून न परतलेल्या घरांतले लोकही बघतात, कोणी तरी खाली लिहितं, ‘आमचं पोरगं कुठाय फोटूत?’

तिला या कामाचे काही मिळत नाही आणि हे बरोबर नाही. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत आम्ही तिच्या मानधनाचा विषय मांडला. बराच वेळ कोणी बोललं नाही, मग वेलांट्या दुरुस्त करणारे काका उठले आणि म्हणाले, पोरं वाचायला लागली, ते कल्याण न्हाई तर काय? सरपंचांनी ठरावात घ्यायला सांगितलं. ठराव झाला आहे, पैसे यायचे आहेत. मी पाठपुरावा करते आहे.

तिनं स्वतः मात्र वेगळंच मागितलं. डी.एल.एड.ला, म्हणजे प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेला, प्रवेश घ्यायचा आहे, त्यासाठी दोन उन्हाळे काय केलं याचं शाळेच्या कागदावर पत्र हवं आहे. त्यात काय काय लिहायचं याची यादीही तिनंच करून दिली, फळ्याच्या बातम्यांची संख्या, वाचलेली पुस्तकं, दोन वस्त्या. पत्र मी लिहून ठेवलं आहे. मुख्याध्यापक सोमवारी येतील, सही झाली की तिला देते.